एन्कार्नाची बिनपाटीची खानावळ

गावाचं नाव मी सांगणार नाही. एन्कार्नाकडे सहाच टेबलं आहेत आणि त्यातली चार रोजच्या माणसांची. हे वाचून आपल्यापैकी कुणी हौसेनं तिथे पोचलं आणि त्या माणसांना दुपारी दोन वाजता ताटकळत उभं राहावं लागलं, तर मला बरं वाटणार नाही. एवढं सांगते, की स्पेनमध्ये मालागाला विमानातून उतरून टॅक्सीनं दोन तास आत गेलं की ऑलिव्हच्या टेकड्या लागतात. कंगव्यानं भांग पाडल्यासारख्या झाडांच्या सरळ ओळी, नजर पोचेल तिथपर्यंत. मग रस्ता वळणं घेत चढतो आणि एका कड्यावर चुन्यानं पांढरी केलेली घरं दाटीवाटीनं बसलेली दिसतात. तेच ते गाव. फेब्रुवारी संपत आला होता. वेल्समधून, कार्डिफहून निघताना गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडावं लागलं होतं. इथे बदामाची झाडं फुलली होती. बदामाला पानांच्या आधी फुलं येतात हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मी आणि माझा नवरा अनिरुद्ध, असे दोघंच गेलो होतो. अनिरुद्ध कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूलतज्ज्ञ होता, मी तिथल्याच लॅबमध्ये. तो रिटायर होऊन सहा महिने झाले नाहीत तोच त्याला स्ट्रोक आला. त्याला आता चौदा महिने झाले होते. उजवा हात कामातून गेला, उजवा पाय किंचित ओढतो. डोकं शाबूत आहे. सगळं कळतं, पेपर वाचतो, क्रिकेट बघतो. पण बोलायला गेला की शब्द सापडत नाही, किंवा भलताच येतो. चहा हवा असला तर ‘छत्री’ म्हणतो, आणि म्हटल्याबरोबर चुकल्याचं त्याला कळतं. तो क्षण मला अजून बघवत नाही. इंग्लिशमध्येही तेच आणि मराठीतही तेच.

त्यात जेवणाचं एक. हॉस्पिटलातून घरी आल्यावर दुसऱ्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. सूप पिताना त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळ आला. त्या बाजूला त्याला कमी कळतं. मित्राच्या बायकोनं प्रेमानंच उठून नॅपकिननं त्याची हनुवटी पुसली. अनिरुद्धनं चमचा खाली ठेवला. त्या दिवसापासून तो माझ्याशिवाय कुणासमोर जेवला नव्हता. आमची मुलगी सई ब्रॅकनेलहून शनिवार-रविवार आली, तरी हा आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा. स्पेनची ही ट्रिप तिनंच बुक केली.

“आई, तुम्ही दोघं त्या घरात बसून बसून मोल्डी होणार,” ती म्हणाली. “थोडा सन मिळेल. घर ग्राउंड फ्लोअरवर आहे, बाथरूममध्ये रेल आहे, मी सगळं चेक केली आहे.”

सईचं मराठी असंच आहे. कार्डिफमध्ये जन्मलेल्या मुलीनं एवढं टिकवलं, याचंच आम्हाला कौतुक.

पहिले दोन दिवस

घर खरंच तळमजल्यावर होतं. पण घराबाहेर पडलं की गल्ली एकदम उतरती, आणि पायाखाली गुळगुळीत गोटे. फोटोत उतार दिसत नाही. पहिल्या दिवशी आम्ही त्याची काठी आणि माझा खांदा अशा बेतानं चौकापर्यंत गेलो, बाकावर बसलो आणि परत आलो. त्याला वीस मिनिटं लागली.

जेवणाच्या वेळांचा घोळ झाला. आम्ही तीस वर्षांत साडेसहाला जेवणारे झालेलो. इथे साडेसहाला सगळं सामसूम, स्वयंपाकघरं उघडणार रात्री नऊला. दुपारचं जेवण दोन-अडीचला, तेही दोन तास चालणारं. आमची तशी अडचण नव्हती, कारण अनिरुद्ध बाहेर जेवणारच नव्हता. मी चौकातल्या बेकरीतून पाव आणला, वाण्याकडून टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह आणले. पाव कापायचा, त्यावर लसूण घासायचा, मग अर्धा टोमॅटो त्यावर चिरडायचा, वरून तेल आणि मीठ. बेकरीवालीनं मला हे हातवारे करून शिकवलं होतं. साधा प्रकार, पण ते तेल असं होतं की नुसता पाव बुडवून खात राहावं. आम्ही दोन दिवस तेच खाल्लं, अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. शांत वाटत होतं. पण दुपारी शेजारच्या घरांतून भांड्यांचे, माणसांच्या हसण्याचे आवाज यायचे आणि अनिरुद्ध त्या दिशेनं बघत बसायचा.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी मी धुणं वाळत घातलं आणि उन्हात जरा आडवी झाले. डोळा लागला. जाग आली तेव्हा दीड वाजला होता आणि अनिरुद्ध घरात नव्हता.

काठी नव्हती. फोन टेबलावरच होता. ‘मला स्ट्रोक झाला आहे, मला बोलायला वेळ लागतो’ असं लिहिलेलं एक कार्ड त्याच्या कोटाच्या खिशात असतं. कोट खुंटीला होता.

मी चपला तशाच सरकवून बाहेर पळाले. चौकातला बाक रिकामा. चर्चच्या पायऱ्या रिकाम्या. त्या उतारावर पडला असेल तर? कुणी विचारलं, तर स्वतःचं नाव तरी सांगता येईल का त्याला? घर कुठलं ते सांगता येईल का? मी सईला फोन लावला.

“बाबा कुठे गेली?” ती ओरडली. मग लगेच तिचा आवाज खाली आला. “आई, स्टॉप. ब्रीद कर. कुणाला विचारलंस का?”

“कसं विचारू? मला यांची भाषा येत नाही!”

“मग दाखव ना. हातांनी.”

बेकरीवाली शटर ओढत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि तोंडातून एक शब्द फुटेना. तयारीनं पाठ केलेलं सगळं स्पॅनिश पळून गेलं होतं. “हजबंड,” मी म्हणाले. तिनं नकारार्थी मान हलवली. शेवटी मी भर रस्त्यात उजवा हात छातीशी धरला, उजवा पाय ओढला आणि काल्पनिक काठी टेकत चार पावलं चालून दाखवली. माझ्या नवऱ्याची नक्कल. आजवर कुणी असं केलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. करताना माझे डोळे भरून आले.

बेकरीवालीनं एकदम कपाळाला हात लावला आणि “सी, सी!” म्हणत माझं मनगट पकडलं. तिनं मला गल्लीतून खाली नेलं, मग डावीकडे, एका कमानीखालून. तिथे एक हिरवं दार होतं, अर्धं उघडं, त्यावर मण्यांचा पडदा. पाटी नाही, मेन्यूचा फळा नाही, काहीच नाही. कुणाचं तरी घर असावं असं ते दार. फक्त आतून लसूण परतल्याचा वास येत होता.

पडदा बाजूला सारून मी आत पाहिलं. गारेगार, बुटक्या छताची खोली. पूर्वी तिथे खेचरं बांधत, हे मला नंतर कळलं. भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत. सहा टेबलं, त्यांवर अंथरलेले कागद. रानातून आलेली माणसं, बुटांना लाल माती, आणि सगळ्यांच्या गळ्यात नॅपकिन खोचलेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये अनिरुद्ध बसला होता. त्याच्याही गळ्यात नॅपकिन होता. डाव्या हातात चमचा होता आणि तो जेवत होता.

मी तिथेच थांबले. काठी त्याच्या हाताशी नाही, हनुवटीवर रस्सा आलाय, पुसायला हवा, हे सगळं मला एका नजरेत दिसलं. आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवरही रस्सा होता, हेही दिसलं. त्यानं पावाच्या तुकड्यानं ताट पुसलं, मग नॅपकिननं तोंड. अनिरुद्धनं बघून तसंच केलं.

तेवढ्यात मालकीण पुढे आली. सत्तरीची, ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ही एन्कार्ना. मी सवयीनं सुरू केलं, “सॉरी, हे माझे हजबंड, त्यांना बोलता येत नाही, त्यांना स्ट्रोक...” इंग्लिशमध्ये, भराभरा, गेले चौदा महिने मी सगळीकडे जे म्हणत आले तेच. एन्कार्नाला त्यातलं अक्षरही कळलं नाही. अनिरुद्धनं वर पाहिलं. चमचा ठेवला आणि डावा पंजा माझ्यासमोर धरला. थांब.

मग त्यानं पायानं एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. एन्कार्नाकडे बघून आपल्या ताटाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग एक बोट वर केलं. एन्कार्ना मान डोलावून आत गेली. माझ्यासमोर पालक आणि काबुली चण्यांचं वाफाळतं ताट आलं. जिरं, लसूण, तळून वाटलेला पाव. पहिल्याच घासाला जिरं असं ओळखीचं लागलं की मी क्षणभर डोळे मिटले.

टेबलावरच्या कागदावर चित्रं काढलेली होती. अनिरुद्धच्या डाव्या हाताची, वाकडीतिकडी. एक विमान. एक छत्री आणि पावसाच्या रेघा, म्हणजे वेल्स. एक झोपलेला माणूस, त्याच्या हाताला सुई, उशाशी एक माणूस उभा, आणि त्या उभ्या माणसाकडून निघालेला बाण थेट अनिरुद्धच्या खुर्चीकडे. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी पेननं एक गुडघा काढला होता. मला काही समजेना. तेव्हा उजवीकडच्या म्हाताऱ्यानं सरळ विजार वर करून गुडघ्यावरचा लांबलचक व्रण दाखवला, डोळे मिटून घोरल्याचा आवाज काढला आणि अनिरुद्धच्या पाठीवर थाप मारली. त्याला ऑपरेशनच्या वेळी कुणीतरी झोपवलं होतं आणि अनिरुद्धचा धंदा माणसांना झोपवण्याचा, हे त्या दोघांनी एकही शब्द न बोलता एकमेकांना सांगितलं होतं.

मी तीस वर्षं इंग्लंड-वेल्समध्ये राहून फाडफाड इंग्लिश बोलते, पुण्याचं मराठी बोलते. त्या खोलीत त्या दोन्हींचा काही उपयोग नव्हता. बोटं, भुवया आणि पेन यांवर काम चालवायची चौदा महिन्यांची सवय फक्त त्यालाच होती.

परत चढताना मात्र माझा धीर सुटला. “सांगून जायला काय झालं होतं तुला?” मी म्हणाले, आणि बोलल्यावर माझं मलाच कळलं, मी कुणाला काय विचारतेय ते.

तो थांबला. काठी भिंतीला टेकवली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. “तू,” तो म्हणाला. मी वाट पाहिली. “तू... झोपली होतीस.”

तीन शब्द, तिन्ही बरोबर. तो म्हणत होता ते खरंच होतं. मी झोपले नसते तर बरोबर गेले असते, आणि मी बरोबर असते तर तो त्या दारातून आत शिरला नसता. मला हायसं वाटलं आणि लागलंही. सईसमोर घास न घेणारा माणूस अनोळखी लोकांत पोटभर जेवला होता. घरी पोचेपर्यंत मी त्याचा विचार करत होते. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना आधीचा अनिरुद्ध माहीत आहे; ते याच्याकडे बघतात तेव्हा त्याला शोधत असतात. मीही शोधते. एन्कार्नाच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना शोधायला कुणी नव्हतं. त्यांच्यासमोर भूक लागलेला एक माणूस बसला होता, एवढंच.

शनिवार

शनिवारी सकाळपासून रिमझिम पाऊस होता. दोन वाजता मी स्वतःहून म्हणाले, “चल, जाऊया.” तो माझ्याआधी दारात उभा होता. कोट घालून.

पावसाच्या दिवशी या डोंगरात ‘मिगास’ करतात, म्हणून रानावरची सगळी माणसं आत जमली होती. एन्कार्नानं हे भलंमोठं काळं लोखंडी भांडं दोन हातांनी आणून मधल्या टेबलावर ठेवलं आणि सगळे चमचे घेऊन भोवती गोळा झाले. ताटं नाहीतच. एका भांड्यातून एकेक चमचा घ्यायचा, एक पाऊल मागे सरायचं, दुसऱ्याला जागा द्यायची. परक्यांबरोबर एका भांड्यातून! माझी आई उष्ट्याखरकट्याला किती जपायची ते आठवलं आणि माझा चमचा हवेतच राहिला. अनिरुद्धनं मला कोपरानं पुढे ढकललं.

घास तोंडात गेला आणि मी मोठ्यानं मराठीत म्हणाले, “अरे, ही तर फोडणीची पोळी!”

खरंच तीच. फक्त पोळीऐवजी शिळा पाव, पाण्याचा हबका मारून चुरलेला, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतून परतून मोकळा केलेला. जोडीला द्राक्षं आणि खारवलेले ऑलिव्ह. हळद नाही, पण मला ती आहे असंच वाटत होतं. अनिरुद्ध मान डोलवत होता. “पो... पो...” तो म्हणाला आणि पुढचा शब्द आला नाही, तेव्हा त्यानं हातानं पोळी कुस्करून दाखवली. एन्कार्ना बघत होती. तिनंही हातानं पाव कुस्करून दाखवला. दोघांच्या हातांची हालचाल एकच होती.

त्या चुऱ्याचं एक आहे. तो सांडतोच. टेबलावर, शर्टवर, जमिनीवर, सगळ्यांचा. माझा तर सर्वांत जास्त. गुडघेवाल्या म्हाताऱ्याच्या मिशीत एक तुकडा अडकला होता आणि त्यावर सगळी खोली हसली. अनिरुद्धचा चमचा थरथरत होता, अर्धा घास खाली पडत होता, तो मागे सरत होता, पुन्हा पुढे येत होता. मी मोजले नाहीत, पण त्यानं माझ्याहून जास्त घास खाल्ले.

आता कार्डिफला परत आल्यावर सगळं पालटलं, असं मी म्हणणार नाही. मित्राकडचं जेवणाचं आमंत्रण त्यानं परवाच नाकारलं. पण सई आली तेव्हा त्याचं ताट आमच्याबरोबर टेबलावर होतं. तिनं काही न दिसल्यासारखं केलं आणि नंतर भांडी घासताना रडली.

त्या शनिवारी आम्ही खानावळीतून निघायला लागलो तेव्हा एन्कार्ना एक जुनी वही घेऊन आली. दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आसपासच्या गावांतली कुटुंबं येतात, नाव लिहून ठेवल्याशिवाय जागा नाही. तिनं वही उघडली, पेन कानामागून काढलं आणि विचारलं, “नोम्ब्रे?” नाव.

तिनं अनिरुद्धला विचारलं होतं. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. हे सोपं नव्हतं. त्याचं नाव डॉक्टर अनिरुद्ध क्षीरसागर. हॉस्पिटलात नवीन आला तेव्हा लोकांनी सोयीसाठी ‘डॉक्टर के’ म्हणायचं ठरवलं होतं. यानं ते चालू दिलं नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येक पोर्टरला, नर्सला, सर्जनला त्यानं ‘क्षी’ म्हणायला शिकवलं. कुणी चुकलं की हसून, पण न चुकता दुरुस्त करायचा. अशा माणसाला आता ते नाव स्वतः उच्चारायचं होतं.

तो उभा राहिला. डोळे मिटले. ओठ जुळवले. खोलीत बाकीची गडबड चालूच होती. एन्कार्ना पेन टेकवून शांत उभी होती. भांडं विसळायला आत न्यायचं होतं, पण तिला घाई नव्हती.

“गुरुवार,” अनिरुद्ध म्हणाला. स्पष्ट, खणखणीत.

एन्कार्नानं लगेच लिहून घेतलं. G, U, R, U, V, A, R. वही त्याच्यापुढे धरली, बरोबर आहे ना?

अनिरुद्धला अर्थातच कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ती नेहमीची सावली आली आणि मी पुढे झाले. “नाही नाही, त्यांचं नाव...” पण त्यानं वहीवर नजर खिळवली होती. त्यानं ते अक्षर न् अक्षर वाचलं. मग त्याचा डावा खांदा हलायला लागला. आधी मला वाटलं काहीतरी होतंय. तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं मला हातानं मागे सारलं आणि एन्कार्नाला मान डोलावून सांगितलं, सी. बरोबर. गुरुवार.

रविवार

रविवारी ऊन पडलं होतं. कमानीखाली एवढी गर्दी की हिरवं दार दिसेना. आजोबा, नातवंडं, उंच टाचांच्या बायका, सगळी नटूनथटून. आम्ही मागे उभे राहिलो. मला वाटलं, आज काही खरं नाही.

मण्यांचा पडदा बाजूला झाला आणि एन्कार्नानं वहीत पाहून सगळ्यांच्या डोक्यांवरून हाक मारली, “सेन्योर गुरुवार!”

अनिरुद्धनं डावा हात वर केला, काठीसकट. लोकांनी वाट करून दिली आणि तो गोट्यांवरून जपून पावलं टाकत, कुणाचाही खांदा न धरता, आत गेला. गर्दी त्याच्यामागे पुन्हा मिटली. मी बाहेरच राहिले. पुढे जायला लागले तसा निळ्या कोटातल्या एका गृहस्थानं नम्रपणे हात आडवा केला आणि रांगेकडे दाखवत काहीतरी विचारलं. मी कोण, माझं नाव वहीत आहे का, असंच असणार.

मी दाराकडे बोट केलं. “सेन्योरा गुरुवार,” मी म्हणाले.

त्यानं हात बाजूला घेतला.